जुनी बालमासिकं: रद्दीच्या ढिगापासून मुलांच्या हातापर्यंत

जुनं बालमासिक घरी आणायचं ते मुलांनी वाचावं म्हणून. कपाटात सील करून ठेवलेला अंक सुरक्षित असतो, पण त्याचा घरातल्या कोणालाच उपयोग नसतो. दुसऱ्या टोकाला, सेलोटेप आणि फेव्हिकॉल लावून ‘दुरुस्त’ केलेला अंक दहा-पंधरा वर्षांत पहिल्यापेक्षा वाईट होतो. या दोन्हींच्या मधला रस्ता असा: पान उलटता येईल एवढीच दुरुस्ती करायची, आणि पुढे कोणाला ती काढावीशी वाटली तर कागद न फाटता काढता येईल अशीच करायची. खालची प्रत्येक पायरी याच दोन अटींवर ठरवलेली आहे.

काय शोधायचं आणि कुठे

मराठीत बालमासिकांची परंपरा मोठी आहे. ‘आनंद’ १९०६ मध्ये सुरू झालं. ‘चांदोबा’ची मराठी आवृत्ती १९५२ पासून मद्रासहून छापून येऊ लागली. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१च्या नोव्हेंबरात निघालं आणि आजही चालू आहे. यांच्या जोडीला इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी आवृत्त्या आहेत. ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. मॉस्कोच्या ‘रादुगा’ आणि ‘प्रगती’ प्रकाशनांची मराठी चित्रपुस्तकंही आहेत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर ती येणं थांबलं. ही पुस्तकं दिसली तर सोडू नका. त्यांचा कागद आणि शिवण बहुधा मासिकांपेक्षा चांगली असते आणि ती फारशी दुरुस्ती न करता थेट मुलांच्या हातात देता येतात.

सर्वांत चांगला माल दुकानात नसतो, नात्यातल्या माळ्यावर असतो. घर रंगवायला काढलेलं असताना, वाडा पाडून इमारत उभी राहताना किंवा एखादं खाजगी वाचनालय बंद होताना पत्र्याच्या ट्रंका खाली येतात आणि दोन दिवसांत रद्दीत जातात. म्हणून मामा-मावशी-आत्यांच्या घरी आधीच सांगून ठेवा: “मुलांची जुनी मासिकं निघाली तर टाकू नका, आम्ही येऊन नेतो.”

रद्दीवाल्यालाही असंच सांगून ठेवायचं. दिवाळीपूर्वीची साफसफाई आणि मे-जूनमधली घरबदल या दोन हंगामांत त्याच्याकडे जुना कागद सर्वाधिक येतो. तो किलोवर घेतो, पण वेचलेले अंक त्याच्याकडून किलोच्या भावाने मागू नका. थोडा जास्त भाव दिलात तर पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी गठ्ठा बाजूला ठेवेल. हे नातं कोणत्याही सवलतीपेक्षा कामाचं.

मुलांना घेऊन बाहेर पडायचं असेल तर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. आप्पा बळवंत चौकात मुख्यतः शाळा-कॉलेजची पुस्तकं असतात; तिथे मासिकांसाठी वेळ कमी राखावा. मुंबईत हुतात्मा चौकाजवळचे आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळचे फुटपाथवरचे विक्रेते विचारून पाहावेत. सकाळी लवकर जा, सुट्ट्या नोटा घ्या. सोबत कापडी पिशवी आणि मासिकाच्या आकाराचे दोन जाड पुठ्ठे ठेवा. अंक या पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून आणले की कोपरे मोडत नाहीत. गुंडाळी करून रबरबँड लावलेला ठिसूळ अंक घरी पोचेपर्यंत कण्यावर, म्हणजे पानं जिथे जोडलेली असतात त्या कडेवर, तडकलेला असतो.

खरेदीऐवजी नुसतं वाचायला जायचं असेल तर पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं भिलार आहे. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून सुरू झालं. गावातल्या घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, तिथेच बसून वाचायची. मुलांना कोणत्या प्रकारची गोष्ट धरून ठेवते हे अशा एका दिवसात कळतं आणि मग शोध नेमका होतो. पावसाळ्यात तिथे धुकं आणि मुसळधार पाऊस असतो, म्हणून दिवाळीनंतर जा. हिवाळ्यात गेलात तर स्ट्रॉबेरीचा हंगामही मिळतो.

हातात घेतल्यावर पाच मिनिटांची तपासणी

आधी नाक वापरा. जुन्या कागदाचा कोरडा, गोडसर वास चालतो. कुबट, ओल्या पोत्यासारखा वास आला तर बुरशी आहे. मग कण्याकडून पाहा: बारीक भोकं किंवा मैद्यासारखा भुसा दिसला तर कीड आहे आणि ती बहुधा जिवंत आहे. कसर पानाचा वरचा थर कुरतडते, त्यामुळे छपाई पुसट झाल्यासारखी दिसते. वाळवी मात्र मातीचे थर सोडते. वाळवी लागलेला गठ्ठा कितीही दुर्मीळ असला तरी घरात आणू नका.

त्यानंतर कागदाचा जोर तपासायचा. आतल्या एखाद्या पानाचा अगदी छोटा कोपरा, जेमतेम अर्धा सेंटिमीटर, हलकेच पुढे आणि मागे दुमडा. एक-दोन घड्यांत तो तुटला तर कागद ठिसूळ झालाय. तो वाचता येईल, पण मोठ्यांच्या हातात. वर्तमानपत्री कागद यांत्रिक पद्धतीने दळलेल्या लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन (लाकडातला एक नैसर्गिक घटक) उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं आणि कागदातलं आम्ल वर्षानुवर्षं धागे तोडत राहतं. हे थांबवता येत नाही, फक्त मंद करता येतं. म्हणून ‘पिवळेपणा काढण्याचे’ घरगुती उपाय, ब्लीच असो की लिंबू, कटाक्षाने टाळा.

मग पानं मोजा. हे काम मुलांना द्यावं, ती मन लावून करतात. मधली जोडपानं नाहीशी झालेली असतात, कारण एका पिनेवर सुटणारं पान जाताना समोरचं पानही घेऊन जातं. कुपनं कापलेली असतात, कोडी सोडवलेली असतात. सोडवलेलं कोडं हा दोष मानू नका. दिवाळी अंकात जाहिरातींच्या पानांना काही वेळा वेगळे क्रमांक असतात, त्यामुळे पान ‘कमी’ दिसलं तर आधी मजकूर सलग लागतो का ते बघावं. कव्हरवर वाचनालयाचा शिक्का असेल तर शेजारी ‘बाद’ किंवा ‘रद्द’चा शिक्का आहे का ते पाहा. नसेल तर विक्रेत्याला अंक कुठून आला ते विचारा आणि शंका वाटली तर घेऊ नका.

तारीख नसलेल्या अंकाचं वय कसं काढायचं

कव्हर गेलेलं, पहिलं पान फाटलेलं, अशा अंकांची तारीख काढणं हा या छंदातला सर्वांत आनंदाचा भाग आहे आणि दहा वर्षांच्या मुलालाही तो जमतो. खुणा अनेक असतात, एकीवर विसंबू नये.

किंमत आण्यांत असेल तर अंक बहुतेक १ एप्रिल १९५७ पूर्वीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ किंवा ‘न. पै.’ असं छापलं असेल तर १९५७ ते १९६४ या काळातला. १ जून १९६४ पासून ‘नये’ हा शब्द गळला. नुसते ‘पैसे’ असतील तर त्यानंतरचा. शिल्लक प्रतींवर नव्या किमतीची चिठ्ठी चिकटवण्याची पद्धत होती, म्हणून चिकटवलेली किंमत धरू नका, छापलेली धरा.

शके दिलं असेल तर ७८ मिळवा: शके १८७८ म्हणजे १९५६. जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंतच्या अंकाला मात्र ७९ मिळवावे लागतात.

पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर अंक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. उलट निष्कर्ष चालत नाही. ‘पुणे ३०’ असा जुना विभाग क्रमांक लोक आणि छापखाने त्यानंतरही कित्येक वर्षं वापरत राहिले. ‘मुंबई राज्य’ असा उल्लेख १ मे १९६० पूर्वीचा.

शेवटची खूण लेखनाची. ‘कांहीं’, ‘नांव’, ‘पांच’, ‘नाहीं’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखन नियमांनंतर हळूहळू गेले. ‘हळूहळू’ हा शब्द महत्त्वाचा: प्रत्येक छापखान्याने एकाच वर्षी लेखन बदललं नाही. म्हणून अनुस्वारांवरून दशक सांगता येतं, वर्ष नाही. वर्षासाठी ‘वर्ष १२, अंक ४’ अशी ओळ शोधा; मासिक कधी सुरू झालं ते माहीत असेल तर साध्या बेरजेने उत्तर मिळतं.

घरी आणल्यावर पहिले दोन आठवडे

नवीन आणलेला एकही अंक थेट कपाटात ठेवायचा नाही. पारदर्शक पिशवीत बंद करून घरातल्या इतर पुस्तकांपासून लांब, दोन आठवडे ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी पिशवीचा तळ बघा. ताजा भुसा दिसला तर कीड चालू आहे.

कीड मारायला औषध फवारू नका. ते कागदात शिरतं आणि तोच कागद मुलांच्या हातात जाणार असतो. फ्रीझर वापरा. अंक पूर्ण कोरडा असल्याची खात्री करून एकात एक अशा दोन झिप पिशव्यांत, हवा काढून, बंद करा. घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर सलग १४ दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. लगेच उघडली तर बाहेरच्या हवेतलं पाणी गार कागदावर जमतं आणि कीड गेली तरी बुरशी येते. मध्येच वीज जाऊन फ्रीझर सुटला तर दिवस पहिल्यापासून मोजा.

बुरशीचा अंक आधी पंख्याच्या वाऱ्याखाली सावलीत पूर्ण वाळवा. ओली बुरशी झटकली तर ती कागदात चोळली जाते. वाळून तिची भुकटी झाली की गच्चीवर किंवा अंगणात, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा. घरात दमा किंवा ॲलर्जी असलेलं कोणी असेल तर बुरशीचा अंक घेऊच नये. त्याची भुकटी उडून गेल्यासारखी वाटली तरी बीजाणू पानांत राहतात.

नुसता कुबट वास असेल तर मोठ्या झाकणाच्या डब्यात तळाशी वाटीभर खायचा सोडा किंवा लाकडी कोळसा ठेवा, वर जाळी, जाळीवर अंक किंचित उघडून उभा. आठ ते पंधरा दिवसांत फरक पडतो. सोडा पानांवर शिंपडायचा नाही, तो शिवणीत अडकून राहतो. पुस्तकांना तासन्‌तास कडक ऊन दाखवण्याची जुनी सवयही सोडावी. वास जातो खरा, पण रंग आणि कागद दोन्ही पिकतात.

कोरडी साफसफाई

दोन इंची मऊ केसांचा रंगकामाचा नवा ब्रश पुरतो. अंक उघडून कण्यापासून कडेकडे, एकाच दिशेने झाडा. पान मधोमध हाताने दाबून धरा, नाहीतर ब्रशच्या ओढीने जुनी चीर वाढते. मळलेल्या समासासाठी पांढरा, प्लास्टिकचा खोडरबर किसणीवर किसून घ्या. तो चुरा पानावर पसरून बोटांच्या टोकांनी हलकेच गोल फिरवा आणि झाडून टाका. सरळ खोडरबर घासला तर वर्तमानपत्री कागद कापसासारखा पिंजतो. रंगीत चित्रांवर आणि पेन्सिलच्या लिखाणावर चुरा नेऊ नका. पहिल्या पानावर कोण्या मुलाने अडखळत्या अक्षरात लिहिलेलं नाव आणि इयत्ता असते. ती राहू द्यायची. अंकाचा तो आधीचा वाचक आहे.

खळ: कुरडईच्या चिकातून

फाटलेलं पान जोडायला जगभरचे संधारक, म्हणजे जुने कागद जपणारे तज्ज्ञ, गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. मराठी घरांना ती नवी नाही. कुरडयांसाठी आपण जो गव्हाचा चीक काढतो तो म्हणजे हेच सत्त्व. फक्त मीठ आणि हिंग घालण्यापूर्वी वाटीभर बाजूला काढायचा.

वेगळा करायचा असेल तर पाव किलो गहू तीन दिवस भिजत घाला, रोज पाणी बदला. वाटून, भरपूर पाण्यात कालवून, पातळ कापडातून गाळा. रात्रभर ठेवा, सकाळी वरची निवळी ओतून द्या. तळाशी पांढरा घट्ट चीक राहील. कुरडईसाठी इथे थांबलं तरी चालतं, कागदासाठी चालत नाही. आंबलेला चीक आम्लयुक्त असतो. म्हणून त्यात पुन्हा पाणी घालून ढवळा, बसू द्या, निवळी ओता. आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण तीन वेळा, हे करा. मग ताटात पातळ थर पसरून सावलीत वाळवा. ही भुकटी कोरड्या डब्यात वर्षभर राहते.

एक चमचा भुकटी पाच चमचे पाण्यात अर्धा तास भिजवा. पातेल्यातल्या गरम पाण्यात वाटी ठेवून, मंद आचेवर, सतत ढवळत १५ ते २० मिनिटं शिजवा. आधी दुधासारखी, मग घट्ट, शेवटी अर्धपारदर्शक झाली की उतरवा. पूर्ण गार झाल्यावर चहाच्या गाळणीतून दोनदा दाबून काढा. पाहिजे तेवढीच पाण्याने सैल करा: विरजलेल्या पातळ दह्याइतकी. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते; पाणी सुटलं किंवा वास आला की फेकून द्या.

मैद्याची खळ का नको? तिच्यात प्रथिनं राहतात आणि त्यांनी कीड जास्त ओढली जाते. बाइंडिंगवाले म्हणूनच खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे आणि कागदालाही वाईट. मुलांच्या पुस्तकात ते घालू नये. फेव्हिकॉल सुकल्यावर पाण्याने सुटत नाही आणि त्याच्या कडेवर कागद पुन्हा मोडतो. सेलोटेपचा चिकट पदार्थ पिवळा होऊन कागदात झिरपतो, मग प्लास्टिकची पट्टी गळून पडते आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. आधी कोणी टेप लावलेली असेल आणि ती अजून घट्ट असेल तर तशीच ठेवा; ओढून काढताना छपाईचा थर सोबत येतो.

चीर जोडणं

लागणारा कागद म्हणजे जपानी टिश्यू, साधारण ९ ते १२ ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचा. कलासाहित्याच्या चांगल्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. एक ताव शंभरेक चिरांना पुरतो. पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळणारा कागद सुंदर असला तरी चिरांसाठी जाड पडतो. तो नव्या बाहेरच्या वेष्टनासाठी वापरा.

आधी शाईची परीक्षा: ओलसर इअरबड एका टिंबावर टेकवा आणि वर टीपकागद दाबा. रंग उतरला तर त्या जागी ओली दुरुस्ती करू नका. शिक्क्याची जांभळी शाई हमखास पसरते.

टिश्यूची पट्टी कात्रीने कापायची नाही. ओल्या बारीक ब्रशने ८ ते १० मिलिमीटर रुंदीची रेघ ओढून दोन्ही बाजूंनी हलके ताणा. पट्टी तुटते आणि कडेला लव राहते. ही लव पानात मुरते. कापलेली सरळ कड मात्र पुढे पान मोडायची घडी बनते.

पानाखाली बटर पेपर घाला. चिरेच्या दोन्ही कडा बघा, त्या तिरक्या असतात. कोणती वर, कोणती खाली हे ओळखून तशाच बसवा, नाहीतर अक्षरं अर्धी राहतात. पट्टी काचेवर ठेवून खळ लावा, टीपकागदावर एकदा टेकवून जास्तीचं पाणी जाऊ द्या, मग चिमट्याने चिरेवर ठेवा. शक्यतो ज्या बाजूला मजकूर कमी आहे ती बाजू निवडा. वर बटर पेपर, त्यावर टीपकागद, त्यावर काच आणि किलोभर वजन. दहा मिनिटांनी टीपकागद बदला, मग चार तास हात लावू नका.

बहुतेक चुका पाण्यामुळे होतात. खळ पातळ असली तर पान सुरकुततं, आणि पिवळ्या कागदावर ओल जिथवर पोचते तिथे तपकिरी काठ उमटतो. तो काठ जात नाही. म्हणून पहिल्या दहा पट्ट्या जुन्या वर्तमानपत्रावर लावून बघा. हात बसला की मासिकाकडे वळा.

गंजलेल्या पिना आणि गोधडीचा दोरा

‘चांदोबा’, ‘किशोर’ आणि इंद्रजालसारखे पातळ अंक बहुधा मध्यावर दोन पिनांनी टोचलेले असतात. कोकणपट्टीत आणि मुंबईत त्या पिना गंजतात, भोवतीचा कागद जाळतात आणि मधलं पान सुटतं. पिन काढायचीच.

अंक मध्यावर उघडा. पिनेच्या दुमडलेल्या पायाखाली बोथट, पातळ पाती सरकवून पाय सरळ उभे करा. गंजाने कागद चिकटला असेल तर आधी बोथट सुईने भोवती सोडवा. मग अंक उलटा करून बाहेरून पिनेची पाठ सरळ वर ओढा. स्टेपलर उचकटायचा चिमटा वापरू नका, तो कणा फाडतो. गंजाची पूड ब्रशने झाडा. गंजाच्या डागावर लिंबू-मीठ लावलं तर डाग फिका होतो आणि काही वर्षांत तिथे भोक पडतं.

मधल्या घडीवरच पान फाटलं असेल तर शिवण्याआधी आतून अडीच सेंटिमीटर रुंद टिश्यूची पट्टी लावून वाळवून घ्या.

दोरा सुती, गोधडी शिवायचा. नायलॉनचा कागद कापतो. लांबी अंकाच्या उंचीच्या अडीचपट. पिनांची जुनी भोकं वापरा आणि त्यांच्या बरोबर मध्यावर सुईने तिसरं पाडा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, आत बोटभर दोरा शिल्लक ठेवा. बाहेरून वरच्या भोकात आत या. आतून मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर. बाहेरून परत मधल्या भोकातून आत. आता दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना असली पाहिजेत. दोन्ही एकाच बाजूला आली तर शिवण सैल राहते, उसवून पुन्हा करा. दोरा कण्याच्या दिशेनेच ओढून ताणा (काटकोनात ओढला तर भोकं चिरतात) आणि लांब टाक्यावर दोन गाठी मारा.

जाड दिवाळी अंक बाजूने टोचलेले असतात. त्यांची पिन गंजली नसेल तर हात लावू नये. वाचनालयाचे बारा अंकांचे बांधलेले खंडही उसवू नका. ते उघडताना दोन्ही बाजूंना टॉवेलची गुंडाळी ठेवा म्हणजे कणा सपाट होत नाही.

गहाळ पानं

‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. तिथून हरवलेलं पान छापून अंकात नुसतं सरकवा, चिकटवू नका. कधीतरी मूळ पान असलेला दुसरा अंक मिळू शकतो. इतर मासिकांसाठी दुसऱ्या संग्राहकाच्या प्रतीचा फोटो मागावा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) यांसारख्या जुन्या संस्थांत चौकशी करणंही फायद्याचं असतं. फोटो काढताना अंक काटकोनाइतकाच उघडा, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका घ्या, फ्लॅश बंद ठेवा. अशा प्रती घरच्या वाचनापुरत्याच. जुनं म्हणजे हक्कमुक्त नव्हे.

ठेवायचं कसं

अंक आडवे ठेवा, थप्पी पंधरा सेंटिमीटरपेक्षा उंच नको. पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. पीव्हीसीच्या चकचकीत, वास येणाऱ्या पिशव्या छपाई स्वतःला चिकटवून घेतात. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर. बाहेरच्या, पावसाने भिजणाऱ्या भिंतीला ते लावायचं नाही.

डांबराच्या गोळ्या मुलांच्या पुस्तकांत नकोत. वेखंडाची भरड पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून कप्प्याच्या कोपऱ्यात, कागदाला न टेकता ठेवा आणि दर सहा महिन्यांनी बदला. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच तर खडखडीत वाळलेला. ओला पाला कपाटात दमटपणा नेतो. पण वेखंड असो वा कडुनिंब, महिन्यातून एकदा अंक हाताळण्याला पर्याय नाही. कसरीला उजेड आणि हालचाल नको असते.

आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते. छोटा डिजिटल आर्द्रतामापक कपाटात ठेवा. जून ते सप्टेंबर कपाट बंद ठेवून आत सिलिका जेल वापरा, रंग बदलला की वाळवून पुन्हा ठेवा. ऑक्टोबरच्या कोरड्या गरमीत दोन दिवस सगळे अंक काढून पंख्याखाली पसरा. हेच नोंदवही लिहायचे दिवस: मासिक, महिना-वर्ष, अंक क्रमांक, पानं, काय गहाळ, कुठून आला.

वाचायला देताना

एकाच अंकाच्या दोन प्रती झाल्या तर खराब प्रत मुलांची. ती गादीवर, झोपाळ्यावर, गाडीत, कुठेही वाचू द्या. एकुलता ठिसूळ अंक मात्र टेबलावर, खाली टॉवेल घालून, मोठ्यांसोबत. हात धुतलेले आणि कोरडे, तेल किंवा क्रीम नाही. पान वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून उचलायचं, बोटाला थुंकी लावून नाही. वाचून झाल्यावर पुन्हा हात धुवायचे.

क्रमशः कथा सुरू करण्याआधी पुढचे अंक आहेत का ते पाहा. मधला एखादा हप्ता नसेल तर मुलांना तो लिहायला सांगावा. कागदाचा तो तुकडा अंकात ठेवा आणि खरा हप्ता मिळाला की दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

मोठ्याने वाचताना पंधरा-वीस मिनिटं पुरे. आणे, शेर, पायली, कोस हे शब्द येतील तेव्हा थांबून हिशोब करा: रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. अंकाच्या किमतीवरून सुरुवात केली की मुलं स्वतःच गोष्टीतले व्यवहार मोजू लागतात.

वाचायला देण्याआधी अंक स्वतः एकदा चाळा. जुन्या गोष्टींत जात, रंग, मुलींची कामं, शिक्षकांचा मार यांबद्दल आज खटकणारा मजकूर सापडतो. पान लपवण्यापेक्षा त्या ओळीपाशी थांबून बोललेलं बरं. मुलं विचारतात आणि ऐकतातही. पहिल्या वाचनासाठी पूर्ण कथा असलेले, ठळक अक्षरांचे, मजबूत कागदाचे तीन-चार अंक निवडा, ते खालच्या, मुलांच्या हाताला येणाऱ्या कप्प्यात ठेवा आणि त्या कप्प्याला कुलूप लावू नका.